मालनबाईंचे अडतीस सेकंद

"साडेतीनशे रुपये," धनवडे म्हणाले आणि त्यांनी ताटली काउंटरवर अशी आपटली, की मोहरीच्या चटणीचा एक थेंब रणजितच्या पांढऱ्या शर्टावर जाऊन बसला. "साडेतीनशे घेताय आणि उंदरानं कुरतडल्यालं देताय व्हय? ह्याचं टोक कुणी खाल्लं?"

"साहेब, ते कापण्याची पद्धत..."

"पद्धत मला शिकवू नका. आणि चोवीस मिनिटं? आमच्या पेठेत एवढ्या वेळात तांबडा-पांढरा होऊन पंगत उठतीया. हितं एक पाव भाजायला चोवीस मिनिटं!"

धनवड्यांचा आकडा अगदी अचूक होता. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून मी तोच आकडा नुकताच कागदावर लिहिला होता. माझ्या डाव्या हातात स्टॉपवॉच, मांडीवर लाकडी फळी, फळीला चिमट्याने लावलेला तक्ता आणि कानाच्या मागे पेन्सिल, अशा थाटात मी त्या शनिवारी दुपारी बारापासून बसलो होतो. काही गिऱ्हाइके मला आयकर खात्याचा माणूस समजून सावरून बसत होती.

"उद्या माझ्या पोराचा वाढदिवस हाय," धनवडे पुढे म्हणाले. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे त्यांचे मोठे दुकान होते आणि आवाजही त्या दुकानाला साजेसा होता. "बत्तीस पोरं येणार. त्याला हेच पायजे म्हणून हट्ट धरून बसलाय, न्हाईतर मी ह्या दाराची पायरी चढलो नसतो. उद्या जर पोरं ताटकळली, तर एक पैसा देणार न्हाई. आणि गावभर सांगणार ते निराळंच."

ते गेल्यावर रणजित माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. शर्टावरचा डाग त्याने पुसला नव्हता.

"काका, बघितलंत? रोज अशी तीन-चार माणसं. दुसऱ्यांदा कुणी येत नाही."

रणजित इंगवले माझ्या दिवंगत मित्राचा मुलगा. सात वर्षे परदेशी प्रवासी जहाजाच्या स्वयंपाकघरात काम करून तो कोल्हापुरास परतला होता आणि ताराबाई पार्कात त्याने फक्त हॉट डॉगचे उपाहारगृह थाटले होते. लांबट पाव, त्यात भाजलेले सॉसेज, वर निरनिराळ्या चटण्या. नऊ प्रकार, आणि सर्वांत स्वस्त प्रकार साडेतीनशे रुपयांना. मी स्वतः आयुष्यभर शाकाहारी. त्यामुळे त्या वस्तूच्या चवीविषयी मला काही मत नव्हते, आणि माझ्याकडून त्याची अपेक्षाही नव्हती.

माझ्याकडून अपेक्षा होती ती वेगळी. शासकीय तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन मी उद्यमनगरातल्या एका इंजिनांच्या कारखान्यात एकतीस वर्षे काढली होती. माझे काम होते कामाचा अभ्यास करणे. कामगार एखादा भाग उचलतो, बसवतो, ठेवतो. त्यातील प्रत्येक हालचालीला किती सेकंद लागतात ते मोजायचे, कोणती हालचाल अनावश्यक आहे ते ठरवायचे आणि ती काढून टाकायची. निवृत्त होऊन आठ वर्षे झाली होती. रणजितने बोलावले तेव्हा कपाटातले स्टॉपवॉच काढताना मला जो आनंद झाला, तो मी त्याला दिसू दिला नाही.

"चूक कुठे आहे तेवढी शोधून द्या," तो म्हणाला होता. "कागदावर द्या. माणूस बदलावा लागला तरी बदलतो. तुमच्या कागदाप्रमाणे करतो."

माणूस म्हणजे मालनबाई सुतार. तव्यावर ती एकटीच होती. वय पन्नासच्या आसपास, अंगाने सडपातळ, हिरव्या लुगड्यावर काळा एप्रन बांधलेला. त्यापूर्वी बावीस वर्षे तिने एका वसतिगृहाच्या खाणावळीत स्वयंपाक केला होता. नवऱ्याचा रंधा गुडघेदुखीमुळे बंद पडला होता आणि घर तिच्या पगारावर चालत होते, हे मला ताटल्या पोहोचवणाऱ्या संपतने न विचारताच सांगितले होते.

स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामध्ये केवळ छातीइतक्या उंचीचा कट्टा होता. आपले खाणे तयार होताना गिऱ्हाइकाला दिसावे, ही रणजितची जहाजावरची कल्पना. त्यामुळे मलाही तवा स्पष्ट दिसत होता.

मी चाळीस नगांची निरीक्षणे घेतली. पेटीतून सॉसेज काढणे, गरम पाण्यात सोडणे, तव्यावर फिरवणे, पाव चिरणे, पाव शेकणे. या सर्व क्रिया ती अत्यंत सफाईने करत असे. कारखान्यात अशा हातांना मी शंभरात एकशे दहा गुण दिले असते. परंतु सॉसेज पेटीतून काढल्यावर, पाण्यात सोडण्याआधी, ती काहीतरी भलतेच करी. ते अंगठ्याने दाबून पाही. मग सुरीने टोकाची पातळ चकती कापी. चकती नाकाशी धरी. कधी ती चकती कापल्यावर अख्खे सॉसेजच ओट्याखालच्या बादलीत टाकी आणि दुसरे घेई. या सगळ्याला नगामागे सरासरी अडतीस सेकंद लागत. गर्दी झाली की हे अडतीस सेकंद एकावर एक चढत जात आणि बाविसाव्या, तेविसाव्या मिनिटाला बाहेर कुणाचा तरी आवाज चढे. शिवाय टोक कापलेले दिसे. साडेतीनशे रुपये मोजणाऱ्याला ते दिसणारच.

अडीच वाजता गर्दी ओसरली. मी कट्ट्यापाशी गेलो. पलीकडे दोन टेबलांवर माणसे अजून खात होती.

"मालनताई, हे चकती कापून वास घेणं, ही तुमची सवय आहे, की कुणी सांगितलंय?"

तिने माझ्याकडे पाहिले, मग माझ्या खांद्यावरून त्या दोन टेबलांकडे.

"सवय हाय, साहेब," ती म्हणाली आणि तवा खरवडू लागली.

मी 'सवय' असे लिहिले.

आमच्या शास्त्रात प्रत्येक घटनेला एक चिन्ह असते. क्रियेला गोल, तपासणीला चौकोन, विलंबाला इंग्रजी 'डी'. त्या अडतीस सेकंदांपुढे मी 'डी' काढला. काढताना हात अडखळला नाही, हे मला आजही आठवते.

चार वाजता रणजितला कागद दिला. त्याने तो उभ्याउभ्याच वाचला. आठ मुद्दे होते, पण त्याचे डोळे पहिल्याच मुद्द्यावर अडकले.

"म्हणजे तिच्यामुळेच."

"एका हालचालीमुळे," मी म्हणालो. "आणि नासाडीही आहे. पेटीतून सत्तेचाळीस नग काढले, गिऱ्हाइकाला एक्केचाळीस गेले. सहा नग बादलीत. विनाकारण."

त्या वेळी रणजित किंचित थांबला. त्याने एकदा शीतकपाटाकडे पाहिले, ओठ उघडले आणि मिटले. मी त्याचा अर्थ असा लावला, की सहा नगांची किंमत तो मनात करतो आहे.

"मावशी!" त्याने हाक मारली. "उद्या तव्यावर संपत उभा राहील. तुम्ही भांड्यांकडं बघा. महिनाअखेरपर्यंत बघू, मग ठरवू."

मालनबाईने एप्रनला हात पुसले. "दादा, मी तुमास्नी त्या पेट्यांचं बोलले हुते..."

"पेट्यांचा विषय झालाय आपला. आता नको."

"बरं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून तिने विचारले, "ह्या कागदावर लिवलंय व्हय तसं?"

"तुमच्याविरुद्ध काही नाही, ताई. कामाविषयी आहे."

"बरं," ती पुन्हा म्हणाली.

पेट्यांचे काय, असे मी रणजितला विचारू शकलो असतो. ते माझ्या कामाच्या कक्षेत येत नव्हते.

रविवारी साडेबाराला बत्तीस मुले आली. फुगे, कागदी टोप्या, शिट्ट्या. धनवड्यांची आई नऊवारीत, हातात चांदीचे तबक घेऊन आली; तबकात निरांजन, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी. अर्णव, म्हणजे वाढदिवसाचा मुलगा, भिंतीवरच्या नऊ हॉट डॉगांच्या चित्रांसमोर उभा राहून कोणता मोठा ते मित्रांना समजावून सांगत होता. धनवडे दारापाशी मनगटावरचे घड्याळ बघत उभे होते. मी कोपऱ्यात माझे घड्याळ घेऊन बसलो होतो.

"तुमीबी घड्याळ लावलंय जनू," ते मला म्हणाले. "बघू या आज कुणाचं खरं ठरतंय."

संपत तव्यापाशी होता. पेटी फोडायची, सॉसेज पाण्यात, पाण्यातून तव्यावर, तव्यावरून पावात. मध्ये काही नाही. कालच रात्री मी त्याच्याकडून हालचालींचा क्रम पाठ करून घेतला होता. पहिल्या आठ ताटल्या सहाव्या मिनिटाला कट्ट्यावर आल्या. बत्तिसावी ताटली एकोणिसाव्या मिनिटाला. टोके सगळी शाबूत.

"वा रे पठ्ठ्या!" धनवडे ओरडले. "काल हीच माणसं झोपली हुती काय?"

रणजितने माझ्याकडे पाहून हात जोडले. दोन दिवसांत प्रथमच तो हसत होता. मीही तक्त्याच्या तळाशी बेरजा मांडायला घेतल्या. पेटीतून काढलेले नग बत्तीस. वाढलेले नग बत्तीस. नासाडी शून्य.

शून्य लिहिल्यावर पेन्सिल कागदावरच राहिली.

कारखान्यात असताना एकदा, पिस्टनच्या विभागात, एका सोमवारी नापास मालाचा आकडा एकदम शून्यावर आला होता. व्यवस्थापकांनी पेढे मागवले. दुपारी कळले, की तपासनीस आजारी होता आणि त्याच्या जागी कुणालाच उभे केलेले नव्हते. माल चांगला झाला नव्हता. वाईट माल वेगळा काढणारा माणूस तेवढा गेला होता. ही गोष्ट मी नव्या मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो होतो.

शनिवारी सत्तेचाळीसमधले सहा. आज बत्तीसमधले शून्य. पेट्या त्याच.

मी उठलो. फळी खाली पडली. मुलांपुढे ताटल्या मांडून झाल्या होत्या आणि एका मुलाने हात पुढे केलाही होता. पण आजींनी त्याला दटावले.

"ए, थांब. आधी ओवाळायचं. ओवाळल्याशिवाय कुणी तोंडाला लावायचं न्हाई. अवो, तो पंखा बंद करा आधी, निरांजन विझतंय माझं."

संपत पंख्याचे बटण शोधू लागला. तेथे बारा बटणे होती.

मी स्वयंपाकघराच्या मागच्या भागात गेलो. मालनबाई मोरीशी तवे घासत होती.

"ताई, काल ते सहा. बादलीतले. का टाकलेत?"

तिने नळ बंद केला. "आता इचारताय?"

"का टाकलेत?"

"आंबल्यालं हुतं, म्हणून. पुण्यासनं बसनं येत्यात त्या पेट्या, थर्माकोलच्या. वरच्या थरातला बरफ वाटंतच पाणी हुतोय. वरच्यातली काही बिघडत्यात, खालची बरी असत्यात. दाबल्याबिगर, कापल्याबिगर कळत न्हाई. पंधरा दिस झालं दादांना सांगतीया. आधी मिरजेचा माल हुता, तो बरा हुता. म्हाग पडतो म्हणून बदलला. दादा म्हणत्यात वास मसाल्याचा हाय."

"मला का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं!"

"गिऱ्हाईक पुढ्यात जेवत बसल्यालं," ती म्हणाली. "त्यांच्या देखत काय वरडू? आत येऊन इचारलं असतं तर सांगितलं असतं. तुमी कट्ट्याच्या अल्याड कधी आलाच न्हाई." मग ती एकदम थांबली. तिची नजर माझ्यावरून ओट्यावरच्या उघड्या पेटीकडे गेली. वरचा थर रिकामा होता. "किती गेली बाहीर?"

"बत्तीस."

"खाल्लं कुणी?"

"ओवाळतायत."

ओल्या हातांनीच ती बाहेर निघाली. मी तिच्या मागे. बैठकीत पंखे थांबले होते. आजींनी अर्णवच्या कपाळाला कुंकू लावून अक्षता टाकल्या होत्या आणि सुपारी-अंगठी त्याच्या चेहऱ्याभोवती फिरवत होत्या. आता निरांजनाचे तबक, आणि त्यानंतर बत्तीस हात. माझ्या मनात आले, की ओरडावे: खाऊ नका, विषारी आहे. तोंड उघडलेही होते. मालनबाईने मागे न पाहता हात आडवा धरला आणि मला जागीच थांबवले.

"आजी," ती मोठ्याने, हसऱ्या आवाजात म्हणाली, "सावकाश ओवाळा, गडबड करू नगा. आमचीच चूक झाली बगा. मोहरी लई झणझणीत पडलीया. पोरांच्या नाकातनं धूर निघंल. ताटल्या जरा माघारी घेते, दुसरं करून आणते."

"आँ?" धनवडे पुढे झाले. "आता कुठं आलं हुतं! खरडून काढा की चटणी."

"पावात मुरलीया, साहेब. ए बाळा, ठेव खाली. ठेव म्हटलं ना."

एका मुलाने ताटली छातीशी धरली होती. मालनबाईने त्याच्या कागदी टोपीवर टिचकी मारली, तो टोपी सावरू लागला आणि ताटली तिच्या हातात आली. ती टेबलामागून टेबल फिरत होती आणि मोजत होती. मला तिचे ओठ हलताना दिसत होते. मीही मोजत होतो. एकोणतीस. तीस. एकतीस.

बत्तिसावी ताटली सापडेना.

खिडकीपाशी एक लहान मुलगी टेबलाखाली बसली होती. तिच्या मांडीवर ताटली होती, पाव तोंडाशी होता. मी खाली वाकलो. सहासष्टाव्या वर्षी माझे गुडघे इतक्या वेगाने कधी वाकले नव्हते.

"खाल्लंस का, बाळ?"

तिने मान हलवली. हलवण्याची दिशा मला कळेना.

"हो, की नाही?"

"नुसता पाव चाटला," ती म्हणाली. "आजी रागावतील?"

मी ताटली तिच्या हातातून घेतली.

स्वयंपाकघरात मालनबाईने बत्तीसही सॉसेज पावातून काढून ओट्यावर रांगेने मांडली आणि एकेक कापायला सुरुवात केली. रणजित बाजूला उभा होता. हसू पार मावळले होते. तिने चार वेगळी काढली. एक चकती तिने त्याच्या नाकापुढे धरली.

"हा मसाला व्हय, दादा?"

तो मागे सरकला. "मावशी, बाकीची अठ्ठावीस चांगली आहेत ना? ती द्या पटकन. बाहेर ते..."

"त्या चारांसंगट एकाच पाण्यात उकळल्याली हाईत. आता सगळी टाकायची." तिने सगळीच बादलीत ढकलली. "माझ्या हातनं जायची न्हाईत. तुमी न्हेऊन देनार असलासा तर द्या."

त्याने नेली नाहीत. संपत कोपऱ्यावरच्या दुकानातून अंड्यांचे ट्रे घेऊन पळत आला. मालनबाईने तव्यावर कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची टाकून अंडी फोडली आणि ती लांबट पावात भरून पाठवायला सुरुवात केली. दोन मुलांना अंडे चालत नव्हते, त्यांना लोणी-पाव. सव्वा तास उशीर झाला. मुलांना त्याचे काही वाटले नाही; त्यांनी दोनदा मागून घेतले. धनवड्यांना मात्र वाटले. त्यांचा आवाज भिंतीतून येत होता.

"साडेतीनशे रुपयाला अंडा-पाव! भवानी मंडपात पंचवीसला मिळतोय!"

शेवटची ताटली गेल्यावर मालनबाईने गॅस बंद केला.

"मावशी," रणजित म्हणाला, "झालं ते झालं. उद्यापासून तवा तुमचाच. मिरजेचा माल परत सुरू करतो. पगाराचंही बघतो."

एप्रनची गाठ सोडून तिने तो घडी करून ओट्यावर ठेवला. मग माझ्याकडे हात केला.

"तो कागद द्या, साहेब."

रणजितने खिशातून कालचा कागद काढून माझ्याकडे दिला, तो मी तिला दिला. तिने तो दोन्ही हातांत धरून पाहिला आणि मला परत केला.

"मला वाचता येत न्हाई. माझ्या नावाम्होरं काय लिवलंय ते तुमीच वाचा."

"ताई, ते चुकीचं आहे. मी ते बदलणार आहे."

"बदला. पर आधी वाचा."

मी वाचले. पहिला मुद्दा: तव्यावरील महिला कर्मचारी प्रत्येक नगामागे अडतीस सेकंद अनावश्यक हालचालींत घालवते. कारण: सवय. परिणाम: विलंब व मालाची नासाडी. शिफारस: सदर कर्मचाऱ्यास तव्यावरून दूर करून योग्य व्यक्ती नेमावी.

वाचताना प्रत्येक शब्द मला स्वतंत्र ऐकू आला. संपत जमिनीकडे बघत होता.

"बावीस वर्षं," मालनबाई म्हणाली, "एकशे साठ पोरांचं रांधलं. एकाचं पोट दुखलं न्हाई." तिने भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली पिशवी घेतली, चपला घातल्या. "दादा, पगाराचं ऱ्हाऊ द्या. पंधरा दिस मी सांगत हुते, तवा तुमी ऐकलं न्हाई. ह्यांनी एक दिस लिवून दिलं, ते ऐकलं. उद्या आणखी कुणीतरी लिवून दील."

"मावशी, असं नका करू. काका, सांगा की तुम्ही."

मला सांगायचे होते. पण ज्या माणसाने त्या ओळी लिहिल्या होत्या, त्याच्या तोंडी दुसरे कोणते वाक्य शोभेल हे ठरवण्यात माझा वेळ गेला, आणि तेवढ्यात ती मागच्या दाराने बाहेर पडली.

त्याच क्षणी पुढून धनवडे आत आले. त्यांच्या हातात अभिप्रायाचे कार्ड आणि पेन होते.

"हे बगा इंगवले, निम्मं बिल देणार. आणि हितं लिवणार. पोरांच्या तोंडातला घास काढून घेतला त्या बाईनं. नाव काय तिचं?"

रणजितने एकदा मागच्या दाराकडे पाहिले. ते अर्धवट उघडे होते. मग तो सरळ उभा राहिला, आणि त्याचा आवाज अगदी जहाजावरच्या शिष्टाचाराचा झाला.

"साहेब, मनापासून माफी. त्या बाईंना आम्ही आत्ताच कामावरून कमी केलंय."

"बरं केलंत," धनवडे म्हणाले आणि कार्ड ओट्यावर ठेवून लिहू लागले. "नाव सांगा."

माझ्यापुढे दोन मार्ग होते आणि दोन्हींचे परिणाम मला स्वच्छ दिसत होते. गप्प राहिलो असतो, तर मित्राच्या मुलाचे दुकान वाचत होते, आणि ती बाई तर गेलीच होती. बोललो असतो, तर त्या भिंतीवरची नऊ चित्रे फार दिवस राहणार नव्हती. ती दिवाळीपर्यंतही राहिली नाहीत. रणजित त्यानंतर माझ्याशी कधी बोलला नाही. त्याच्या वडिलांच्या श्राद्धाचे बोलावणे दर वर्षी येत असे, तेही बंद झाले.

"धनवडेसाहेब," मी म्हणालो, "त्यांना कुणी काढलेलं नाही. त्या स्वतः गेल्या. माझ्यामुळे."

"तुमी कोण? ते घड्याळवाले ना?"

"काल तुमच्या ताटलीतलं टोक त्यांनी कापलं होतं, ते वास घेऊन बघण्यासाठी. खराब असलं तर त्या टाकून देत. वेळ वाया जातो म्हणून मी ते बंद करायला लावलं. आज तुमच्या मुलांपुढे ठेवलेल्या बत्तीसांत चार नासलेली होती. ती या बादलीत आहेत. मोहरीचं त्यांनी खोटं सांगितलं. ओरडाआरडा होऊ नये, मुलं घाबरू नयेत आणि यांच्या दुकानाची अब्रू जाऊ नये म्हणून."

"काका!" रणजित म्हणाला.

धनवडे बादलीपाशी गेले. वाकले. एक तुकडा उचलून त्यांनी नाकाशी धरला. बैठकीत कुणीतरी शिट्टी वाजवली आणि अर्णवचे खिदळणे ऐकू आले.

ते सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा निराळा होता. रणजितकडे त्यांनी पाहिलेही नाही.

"कुठं गेल्या त्या?"

"त्या दाराने. आत्ताच."

कार्ड आणि पेन तसेच ओट्यावर टाकून ते अवजड गृहस्थ कांद्याच्या पोत्याला ठेचकाळत मागच्या दारातून बाहेर धावले. "अवो ताई! ताई, थांबा!" अशी त्यांची हाक आधी जवळून, मग लांबून आली. मी दारापर्यंत गेलो. भर दुपारचे ऊन होते. पिंपळाखाली धनवडे उभे राहून आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला पाहत होते, आणि दोन्ही बाजूंचा रस्ता दूरवर मोकळा होता.